आत्या म्हटल्यावर तू का सरकलीस

१४ ऑगस्ट, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तू बरी आहेस हे शनिवारी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून विचारत नाही. फोनच केला असता (तू उचलला असतास असं धरून), पण परवापासून आमचे सगळ्यांचे फोन कोच मॅडमच्या कपाटात बंद आहेत. का, ते सांगते.

फुटबॉल क्लबच्या धुलाईच्या खोलीत बसून लिहितेय. इथलं मशीन फिरता फिरता दाराकडे चालत येतं, म्हणून मी त्याला पाठ लावून बसते. अक्षर हललंय ते त्यामुळे. बावीस जणींचे मोजे धुऊन धुऊन एक शोध लागलाय, की डाव्या पायाचा मोजा आधी फाटतो. कुणाला सांगितलं तर म्हणतात, तुला दुसरा उद्योग नाही. असो, मुद्दा तो नाही.

मुद्दा असा की लीग पंधरा दिवसांवर आलीय. गेली दोन वर्षं आमचा क्लब एकेका गुणासाठी दुसऱ्या विभागातच अडकलाय, आणि यंदा पहिलाच सामना तुमच्याशी. म्हणून शनिवारचा सराव सामना मॅडमनी इतका मनावर घेतला होता. त्यात आम्ही सहा कॉर्नर घेतले, सहाही फुकट. बॉल पडायच्या जागी तुमच्या मुली आधीच हजर, आमंत्रण दिल्यासारख्या.

आता इथे सगळ्या एकमेकींकडे तिरक्या नजरेने बघतायत. कॉर्नर मारणारी कोणता शब्द ओरडते आणि त्याचा अर्थ काय, हे फक्त आमच्यातच होतं. मावशी म्हणजे गोलच्या जवळच्या खांबाशी, आत्या म्हणजे लांबच्या, आणि मामा म्हणजे मारायचं सोंग करून शेजारणीला हळूच पास. हे कुणीतरी फोडलं, म्हणून फोन जप्त. कप्तान म्हणते, गोलकीपरचा नवरा फार बडबड्या आहे. गोलकीपर म्हणते, "माझ्या नवऱ्याला कॉर्नर म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान वाटतं."

पण संशयाची सुई खरी वळलीय ती टाचणीकडे. टाचणी म्हणजे ती काडीसारखी पोरगी, डावीकडून पळणारी, गेल्या वर्षी तुमच्यातच होती. खेळाडूंची यादी शुक्रवारी लीगकडे जाते. त्यात नाव नसेल तर वर्षभर घरी. मॅडम तिचं नाव खोडणार असं सगळ्या बोलतायत. चार दिवस तिच्या शेजारी माझ्याशिवाय कुणी बसलेलं नाही. काल तिने स्वतःचे मोजे स्वतः धुतले. म्हणाली, "आता कुणाचा भरवसा नाही."

तिचं बरोबर आहे.

ताई, ते शब्द मी दिलेत. मॅडमना एका दमात ओरडता येतील असे शब्द हवे होते. मी कपडे वाळत घालता घालता बोलून गेले. शाबासकी मिळाली, आणि "सहज सुचलं" असं मी ठोकून दिलं. सुचलं कसलं. मावशी समोरच्या दारात राहायची, आत्या दोन दिवसांच्या प्रवासावर, आणि मामाला तर सगळेच मामा बनवायचे. जिन्याखाली चिंध्यांच्या चेंडूने आपण दोघी हेच खेळायचो. जगात तिसऱ्या माणसाला हे ठाऊक नाही.

तू तिकडे खेळतेस हेही मी इथे सांगितलेलं नाही. आडनाव विचारलं तेव्हा आईच्या माहेरचं लिहिलं. नाहीतर कुणी कामावर ठेवलं असतं का? आधी किती ठिकाणी राहिले आणि किती नोकऱ्या सोडल्या ते तुला तोंडपाठ आहे. ही टिकावी असं पहिल्यांदाच वाटत होतं.

शनिवारी मी नीट बघत होते. पहिल्या "आत्या"ला तू एकटी सरकलीस, आणि बॉलकडे न बघता बाकाकडे बघितलंस. माझ्याकडे. तिथवर ठीक, शब्द कानावर पडला आणि पाय आपोआप गेले असतील. पण तिसऱ्या कॉर्नरला तुमची अख्खी फळी सरकली. म्हणजे तू त्यांना सांगितलंस. पाणी प्यायला थांबलात तेव्हा? हसत हसत सांगितलंस का? "ती बघा, मोजेवाली, ती माझी" असंही म्हणालीस का?

मशीन थांबलं. मी मॅडमकडे जाऊन येते.

संध्याकाळ

सांगून आले. मॅडम यादीच लिहीत होत्या.

"बहीण? सख्खी?"

"सख्खी."

"आणि इतके महिने तिला काय काय कळवलंस?"

"काहीच नाही. आम्ही दोन वर्षं बोललो नाही."

"हेच पटत नाही मला," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं न बोलणाऱ्या बहिणी एका शब्दावर इतक्या जुळतात?"



मग त्यांनी सगळ्यांना बोलावून मला पुन्हा तेच सांगायला लावलं. टाचणीने ऐकून घेतलं. "म्हणजे चार दिवस माझ्या शेजारी बसून माझे बूट पुसत होतीस, तेव्हा तुला माहीत होतं," ती म्हणाली. मी हो म्हटलं. ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिचं नाव यादीत आहे, मी बघितलं. शब्द बदललेत. नवे मला सांगितलेले नाहीत. सराव चालू असताना मी आत बसायचं.

नोकरी राहिली. अट एकच, सीझन संपेपर्यंत तुला पत्र नाही, फोन नाही. हे शेवटचं, आणि पाकीट बंद व्हायच्या आधी मॅडम वाचणार आहेत. वरचं सगळं वाचतील. वाचू देत.

तेव्हा तू का सांगितलंस, त्याचं उत्तर पाठवू नकोस. ते इथे कुणीतरी आधी फोडेल, आणि मला ते एकटीनेच ऐकायचंय. तीस तारखेला याल तेव्हा माझ्याकडे बघूही नकोस. तू बघितलंस की इथल्या सगळ्या जणी माझ्याकडे बघतील.

एप्रिलमध्ये सीझन संपला की भेटू, बोलायचं असलं तर.

तुझी सख्खी बहीण
(हे आता इथे सगळ्यांसमोर म्हणून झालंय)