पावडरच्या दुधाची शेड

डिंडोली, सुरत
गुरुवार, दुपार

सौ. अरुणाताई विहीणबाई यांना भागीरथीचा नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? व्याहीबुवांचा खोकला गेला का? इकडे सगळे सुखरूप, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणाल तर पंधरा दिवसांत घराचा पार बोजवारा उडालाय. (फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि दोन खोल्यांत हर्षदाला सगळं ऐकू जातं. शेजारचा गजेंद्र उद्या चोपड्याला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय.)

सोमवारी तुमच्या लेकीला बँकेत हजर व्हायचंय. तोवर साडेसहा महिन्यांच्या बाईसाहेब बाटली प्यायला लागल्या नाहीत, तर रविवारी तुम्ही येऊन नातीला चोपड्याला नेणार आणि वर्षाची होईस्तोवर वाटी-चमच्यानं वाढवणार, हा तुमचा निरोप मिळाला. मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की पावडरच्या त्या डब्याला मी हात लावणार नाही. पण माझं ऐकतो कोण! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकेक वेळ करत सवय लावा, की लागले दोघं नवरा-बायको.

तुमचे जावई डाइंग मिलमध्ये कलर मास्तर. सगळी उमर साड्यांचे रंग जुळवण्यात गेली. किती पाण्याला किती चमचे ते डब्यावर छापलंय, ते वाचावं की नाही माणसानं? ललितनं बाटली खिडकीशी धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, शेड फिकी आलीय. टाकला अर्धा चमचा. मग आणखी अर्धा. (रंग असता तर शेठनं पाठ थोपटली असती.) दोन दिवस पोरगी निम्मी-निम्मी बाटली प्यायली आणि पुढे तीन दिवस शी म्हणून नाही. पोट टम्म, रडून घर डोक्यावर. डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलाच झापला, तर हा तोंड वर करून म्हणतो, "पण मॅडम, मी आईच्या दुधाशी मॅच करत होतो." तेव्हापासून बाटली दिसली की पोरगी तोंड घट्ट मिटते.

बाटली देताना आई समोर नको म्हणून हर्षदा जिन्यात जाऊन उभी राहते. पोरीनं सूर काढला की ही दारात हजर, ब्लाउज भिजलेला, डोळे भरलेले. मग पाजते, मग दोघी रडतात, आणि ललित भरलेली बाटली मोरीत ओततो. काल तर त्यानं बायकोचा गाऊन चढवला, वासाला फसेल म्हणून. पोरगी कसली फसते! त्याची मिशी धरून खिदळत बसली. वरची योगिता तेवढ्यात विरजण मागायला आली, त्यामुळे आता सोसायटीत त्याला तोंड दाखवायची सोय नाही. मी बाजूला बसून मेथी निवडत होते. अगदी वैताग आलाय, विहीणबाई. शिकलेली माणसं, पण एकाला धड जमेल तर शपथ.

असो. राग धरू नका. धरलाच तर येताना घरी ठेवून या.

तुमची,
भागीरथी

ता. क. : पत्र पाकिटात घालत होते, तोच पोरगी उठली. ती दोघं बाटलीची नवी निपलं आणायला गेलेली, घरात मी एकटी. काय करणार? डब्यावरचं दोनदा वाचलं, तसंच्या तसं केलं, चमचा सुरीनं सपाट करून घातला. माझ्या मांडीवर, माझ्याकडे टकामका बघत, सगळी बाटली संपवली तिनं. डब्याला मी हात लावल्याचं कुठे बोलू नका.

आणखी एक : हे हर्षदालाही ठाऊक नाही. ललित आठ महिन्यांचा असताना त्याला गावी जाऊबाईंकडे ठेवून मी इथे कामाला आले होते. दीड वर्षानं आणायला गेले, तर तो तिच्या पदराआड लपला आणि मला मावशी म्हणाला. तुम्ही रविवारी जरूर या, चांगले आठ दिवस राहा, पण परतीचं तिकीट तुमचं एकटीचंच काढा.