अकराव्या रिळातलं गाणं

पेरुंगुडी, चेन्नई

प्रिय उदयसिंह,

पत्र बघून तुला वाटेल, अण्णा आजारी पडला. पडलेलो नाही. मी रागावलो आहे, आणि फोनवर माझा राग नीट निघत नाही. मध्येच खोकला येतो, नाहीतर तू "सरी, सरी" म्हणून फोन ठेवून देतोस. म्हणून लिहितो. माझं शिक्षण सहावीपर्यंतचं, तेही तमिळ शाळेतलं. मराठी लिहायला आईने शिकवलं, तंजावरच्या पडवीत, कोळशाने फरशीवर. चुका होतील. दिव्यश्री म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते." मी तिला म्हटलं, तू तुझं ऑफिस बघ. नातीकडून टाइप करून घ्यावं असं हे पत्र नाही.

आधी तो अनिकेत. तुला त्याचा फोन आला होता, तोच. पुण्याचा आहे, श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात नोकरी करतो, आमच्याच इमारतीत राहतो. मुलगा वाईट नाही, पण घाई फार. मार्गळी महिन्यात सगळं शहर गातं तर आपण मराठी माणसांनी का गप्प बसायचं, असं म्हणून त्याने नाटक-सिनेमातल्या आवडत्या गाण्यांचा कार्यक्रम काढला आहे. नवे महाराष्ट्रातले आणि जुने आपले तंजावरी, सगळे मिळून. प्रत्येकाने पाच गाण्यांची यादी द्यायची. मी दिली. चार दिवसांनी दारात उभा राहून म्हणतो, "काका, तुमची तीन घेतली, पण एकेकच अंतरा हां. अडीच मिनिटांत बसवलंय सगळं." माझा तोल गेला. मी एवढा ओरडलो की समोरच्या बाई दार उघडून बघायला लागल्या. म्हटलं, गाणं कापायचं नाही! गायचं तर पुरतं गा, नाहीतर घरी झोप! तो हसला. "काका, तुम्ही तर स्वतः थिएटरवाले, तुम्हाला टायमिंग माहीत असणार." तुझी वहिनी सकवार मला हाताला धरून आत घेऊन आली.

आणि दुसऱ्या दिवशी तुझा आवाज कार्यक्रमाच्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. "माझं आवडतं गाणं मीच गायलेलं आहे. ते सिनेमावाल्यांनी कापलं. कापलेलं गाणं कुठल्या यादीत घालणार? मी काही येत नाही." चौसष्ट माणसांनी ऐकलं, उदय. चौसष्ट. कुणी हात जोडल्याची चित्रं टाकली, कुणी रडक्या तोंडाची. कुणी लिहिलं, ग्रेट आर्टिस्ट, अन्याय झाला. मला इतका संताप आला की मी फोन उशीखाली घातला. चोपन्न वर्षं झाली, तू हेच सांगतोस. आमच्या मधुसूदनच्या मुंजीत सांगितलंस. माझ्या साठीशांतीला, समोर होम पेटलेला, तेव्हाही भटजींना सांगितलंस. त्या सिनेमाचे संगीत दिग्दर्शक वारले, त्या दिवशी फोन करून म्हणालास, "मेला शेवटी, माझं गाणं खाऊन." ज्या माणसाने तुला बोलावून गायला लावलं, त्याला मेल्यावरही सोडत नाहीस. त्या माणसाबद्दल पुन्हा असं बोललास तर माझ्याशी गाठ आहे. एवढं तर आधीच लिहून ठेवतो.

ते गाणं तुझं एकट्याचं होतं का, हेही विचारायचं आहे. अप्पांच्या नाटक मंडळीत कुंभाराच्या लेकीचं नाटक होतं, त्यातलं ते चाकाचं पद. अप्पा पेटीवर, आपण दोघं पडद्यामागे चटईवर. मी बारा वर्षांचा, तू सात. मी ते पद म्हणत होतो. ओळ तीन वेळा गरगर फिरते आणि मग समेवर येते. तिसऱ्या फेरीला माझा दम संपला. मी थांबलो, श्वास घेतला आणि मग उतरलो. चूकच ती. मार बसणार म्हणून मी कान झाकले. अप्पांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "अडे, चाक थांबलं की रे! भांडं उतरायच्या आधी कुंभार असाच थांबतो. हे ठेव." त्या दिवसापासून ती थांबायची जागा पदात राहिली. पेटी थांबायची, मृदंग थांबायचा, सगळा तंबू श्वास धरायचा. आई त्याला नागोजीची जागा म्हणायची. हे तुला आठवत असेलच. आठवत नसेल तर तू खोटारडा आहेस.

अप्पा गेले. मंडळीत एकाच मुलाला ठेवून घेणार होते. तुझा आवाज कोवळा होता, माझा फुटला होता. तू गेलास नाटकात, मी गेलो कोवलमला, तंबूतल्या टॉकीजमध्ये आधी झाडू मारायला आणि मग ऑपरेटर म्हणून. यात तुझा दोष नव्हता. मी कधी म्हटलंही नाही. पण एक दिवस चहाच्या दुकानात तमिळ मासिक हाताला लागलं, त्यात तुझा फोटो. नव्या संगीत चित्रपटात नवा आवाज, तंजावरचा तरुण. तू त्यांना सांगितलं होतंस की गाण्यात मध्येच थांबायची ती कल्पना तुझी, अशीच एकदा गाताना सुचली. दोन ओळी होत्या. चहा तसाच टाकून मी उठलो. तुला विचारलं का नाही, म्हणशील. विचारायला तू कुठे होतास? मंडळीबरोबर गावोगाव फिरत होतास. सिनेमा मद्रासमध्ये एक आठवडा चालला आणि उतरला, तूसुद्धा तो पाहिला नव्हतास.

नऊ महिन्यांनी तो आमच्या तंबूत आला. रिळांचे डबे आल्याची चिठ्ठी मीच तुला पाठवली होती, आणि तू आईला घेऊन तंजावरहून आलास. आईने निळं नऊवारी नेसलं होतं, हातात केळीच्या पानात बांधलेली फुलं. लाउडस्पीकरवर देवाचं गाणं लागलं, म्हणजे तिकिटं सुरू झाली, तर ती तिथेच वाळूत उभी राहून हात जोडायला लागली. तुम्हाला खुर्ची दिली, तर ती म्हणाली, "नको रे, वाळूतच बसते, नाटकाला बसल्यासारखं वाटतं." मी प्रोजेक्टरच्या भोकातून तिचं डोकं बघत होतो. प्रत्येक गाण्याला ती पुढे सरकायची. अकरावं रीळ आलं आणि गेलं. तुझं गाणं आलं नाही. खेळ सुटल्यावर तू वर आलास, चेहरा पांढरा. "अण्णा, गाणं नव्हतंच का रे यात?" असं विचारलंस.

उत्तर तुला पाठ आहे. मी म्हणालो, डबे असेच आले. तू दुसऱ्याच दिवशी कोडंबाक्कमच्या स्टुडिओत जाऊन त्या संगीत दिग्दर्शकांना सगळ्या वादकांसमोर चोर म्हणालास. ते म्हणाले, गाणं आहे, मी स्वतः पाहिलंय. तू म्हणालास, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, नाही. त्यांनी पुन्हा तुला बोलावलं नाही, आणि त्यांच्याकडे बघून दुसऱ्या कुणीही नाही. पुढे तू मंडळीही सोडलीस. तीस वर्षं तंजावरला कापडाच्या दुकानात उभा राहिलास आणि घरातसुद्धा गायला नाहीस. तुझ्या लेकीला, विजयालक्ष्मीला, मुलं झाली तेव्हा पाळण्यापाशीसुद्धा नाही. तिनेच मला सांगितलं.

आता आयुधपूजेचं सांगतो. सकवार दरवर्षी माझी जुनी हत्यारं मांडते, कात्री, ब्लेड, फिल्म चिकटवायची बाटली. त्याच्याशेजारी मी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवतो, हळदकुंकू लावतो आणि परत माळ्यावर टाकतो. त्यात काय आहे हे तिने कधी विचारलं नाही. यंदा म्हणाली, "अय्यो, लिंबाचं लोणचं आंबलं वाटतं, सगळ्या घरात वास मारतोय." लोणचं नव्हतं आंबलं. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला शिरक्यासारखा वास येतो. मी मोरीत जाऊन डबा उघडला. कडा आत वळल्या आहेत. बोट लावलं तर चिकटतं.

तुझा तो निरोप ऐकून दिव्यश्रीला फार वाईट वाटलं. तिने शोधून शोधून तो सिनेमा फोनवर काढला. कुणा टीव्हीवाल्याने एका जुन्या प्रिंटवरून उतरवलेला, तेवढीच एक प्रिंट उरली आहे म्हणे. मला हाक मारली. "आजोबा, इथे बघा, छोट्या आजोबांचं गाणं इथेच असणार. कुणीतरी गायला सुरुवात करतं आणि चित्र उडी मारतं." तिने चार वेळा लावलं. कुंभार चाकाशी बसतो, एक कोवळा आवाज "आ" म्हणतो, आणि एकदम बैलगाडी. "आणि ही फुली बघा ना, कोपऱ्यात. डोळा मिटायच्या आत जाते. कसली असेल?" मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, जुन्या वस्तूंमध्ये नाक खुपसू नको. पोरीच्या डोळ्यात पाणी आलं. तिची चूक काहीच नव्हती.

फुली माझी आहे, उदय. तंबूचा मालक प्रत्येक सिनेमातली दोन गाणी काढायला लावायचा, कारण सव्वानऊची शेवटची बस चुकली तर आजूबाजूच्या गावांची माणसं दुसऱ्या दिवशी फिरकत नसत. कापलं त्या जागी सुईने फुली मारायची, म्हणजे डबे परत पाठवताना गाणं नेमकं तिथेच जोडता येतं. सगळे ऑपरेटर हेच करायचे. फक्त कुठली दोन काढायची ते मालक सांगायचा नाही. त्या सिनेमात नऊ गाणी होती. मी सकाळी बाकावर बसलो, मासिक समोर होतं, आणि तुझं काढलं. दुसरं कुठलंही चाललं असतं. तुम्ही त्या संध्याकाळी येणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच काढलं. खेळानंतर तुला खोटं सांगितलं आणि मग ते जोडून पाठवायची सोय उरली नाही. ते त्या डब्यात गेलं. ज्याला तू चोपन्न वर्षं चोर म्हणतोस तो चोर नव्हता. मी होतो. तुझे सगळे शिव्याशाप मी समोर बसून, वाढलेलं जेवत ऐकले. आणि वर तुझ्यावरच चिडत राहिलो, अजूनही चिडलेलाच आहे. या पत्राचं वरचं पान बघ.

एक गोष्ट तुलाही माहीत नाही. त्या दिवशी तू रागाने पुढे निघून गेलास आणि मी आईला बस स्टँडवर नेत होतो. तिने भलतंच कुठलं तरी गाणं तुझं समजलं होतं. खूश होती. म्हणाली, "गाणं छान झालं त्याचं. पण नागोजी, तुझी जागा घ्यायला विसरला रे पोरगा. मी वाट बघत बसले." ती माझीच जागा ऐकायला आली होती, आणि ती मीच कापून खिशात घातली होती. पुढच्या थंडीत ती गेली.

आता हे पत्र का लिहिलं ते. दिव्यश्रीने एक माणूस शोधून काढला आहे, तो असल्या फिल्मवरून आवाज उतरवतो. काल तिला डबा दाखवला आणि एवढंच सांगितलं की हे छोट्या आजोबांचं आहे, कुठून आलं ते आधी त्यांना कळेल, मग तुला. तो माणूस म्हणाला, लवकर आणा, अजून एखादा उन्हाळा गेला तर ती मशीनवर चढणार नाही. पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला मी नेणार आहे. फिल्मवर आवाज चित्राच्या वीस चौकटी आधी छापलेला असतो, म्हणून माझ्या कात्रीतून तुझा तेवढा "आ" बाहेर राहिला. तो फोनवर आहे, बाकीचं डब्यात. दोन्ही जोडलं की पुरतं गाणं होईल, एक क्षणही कमी नाही. मी त्या दिवशी ते कापलं तेव्हा मशीनवर लावलंच नव्हतं, आणि नंतर तंबूतल्या मशीनवर लावलं असतं तर साऱ्या गावाला ऐकू गेलं असतं. म्हणजे मी ते आजवर ऐकलेलं नाही, नुसतं बघितलं आहे. दर आयुधपूजेला उजेडासमोर धरतो. कडेला आवाजाची नागमोडी रेघ असते, ती तीन वेळा फुगते, आणि मग हातभर अगदी सरळ होते. तू थांबला आहेस तिथे. मासिकात काहीही सांगितलं असशील, पण जागा तू बरोबर घेतली होतीस. माझ्यापेक्षा बरी. मला ते एकट्याने ऐकायचं नाही, तेवढी माझी छाती नाही. तू ये. माफ कर म्हणत नाही, ते तुझ्याकडून व्हायचं नाही आणि मी तुझ्या जागी असतो तर माझ्याकडूनही झालं नसतं. गाणं संपेपर्यंत शेजारी बस, मग त्या माणसासमोर, दिव्यश्रीसमोर, हवं तर त्या चौसष्ट जणांसमोर मला काय म्हणायचं ते म्हण. नाही आलास तरी सहा तारखेला मी डबा घेऊन जाणार, आणि त्याच संध्याकाळी फुली कुणाची ते ग्रुपवर स्वतःच्या आवाजात सांगणार. पण तुला ते तिथे कळू नये, आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.

तुझाच, तू भाऊ म्हणशील किंवा न म्हणशील,
नागोजी अण्णा