टायगरचा पंचा

रविवार, १८ मे २००३. आजरा, ताईचं घर.

गेल्या दिवाळीत दाजींच्या नव्या गाडीत आमच्या टायगरनं उलटी केली. दाजींनी इथंच अंगणात, चारचौघांसमोर, मला पंचा घेऊन सीट पुसायला लावली. वर म्हणाले, "ज्याला गाडी लागती, त्यानं घरात बसावं की!" कुत्र्याला म्हणाले की मला?

दाजींची गाडी कोल्हापुरात दुरुस्तीला, म्हणून आज तिथून त्यांना आणि टायगरला माझ्या गाडीनं आणायचं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे टायगरला सकाळपासून उपाशी ठेवलं. दाजींना मात्र जेवू घातलं. जावयाला नको म्हणता येत नाही आणि मी वाढायची थांबले नाही. तांबडा रस्सा, पांढरा, परत पांढरा. "घ्या की दाजी, माझी शपथ हाय!" पाप लागेल? लागू दे.

टायगर पुढच्या सीटवर, खिडकीतून हवा खात. दाजी मागं. घाटातली वळणं लागली तशी त्यांनी काच खाली घेतली. मग एकदम "थांबीव, थांबीव!" म्हणाले, पण तोवर उशीर झालता.

इथं पोचल्यावर मी पंचा पुढं केला. तोच, टायगरचा. अंगणात, चारचौघांसमोर, त्यांनीच सीट पुसली.

मघाशी हळूच म्हणाले, "उद्या गाडी आणायला जाताना मी पुढं बसू का गं?"

"टायगरला विचारते," म्हटलं.