ईमेलचं फाटक

४ मार्च
आज सत्तावीस ईमेल. लॉटरी लागली, केस उगवा, गुडघे बदला! माझे केस गेले ते सुखाने गेले. ज्या एका ईमेलची वाट बघतोय, त्याचा मात्र पत्ता नाही.

पोरीला पत्र टाकून बारा दिवस झाले. तीन वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा मीच ओरडलो होतो — जायचं तर पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस! जन्मात माझं काही न ऐकणाऱ्या पोरीनं नेमकं तेवढंच ऐकलं. पत्रात लिहिलंय — चुकलो, एकदा ईमेल कर. ही म्हणते, "अहो, माझ्याशी रोज बोलते ती. फोनच घ्या की हातात!" फोनवर माझा आवाज चढतो. कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून तीस वर्षं ओरडलोय, आता कुठला उतरतोय!

५ मार्च
भाच्यानं नामी युक्ती काढली. अनोळखी ईमेल आला की पाठवणाऱ्याला आपोआप उलट प्रश्न जातो. उत्तर आलं तर बघायचं, आत घ्यायचा की नाही. म्हणजे फाटकच की! "मामा, 'आपण कोण?' एवढंच विचारा." एवढंच? मी अख्खं रजिस्टर घातलं — नाव, कोणाला भेटायचं, काम काय. पोरीचा पत्ता आधीच ओळखीच्यांत टाकला. तिला कशाला अडवायचं!

७ मार्च
शून्य ईमेल! एकदा मालकांनाही पासाशिवाय आत सोडलं नव्हतं, ते हिला पुन्हा ऐकवलं. ही उठून कपडे वाळत घालायला गेली.

९ मार्च
एकजण उत्तर देऊन आला. पत्ता म्हणजे नुसते आकडे. नाव — 'ओळखा!' कोणाला भेटायचं — 'तुम्हालाच.' काम — 'काही नाही.' वा रे वा! काम नाही तर येता कशाला? असले शंभर पाहिलेत. न उघडताच परत पाठवला, वर माझा ठेवणीतला मजकूर — प्रवेश नाकारण्यात येत आहे.

१० मार्च
हिनं चहाचा कप आपटला. "नोकरी बदलली तसा ईमेलचा पत्ताही बदलला तिनं. तासभर रडली फोनवर. प्रवेश नाकारण्यात येत आहे? हे लिहिलंत पोरीला?"

गाढव मी! तेही रजिस्टर घेऊन बसलेलं! भाच्याला विचारलं, तो ईमेल परत आणता येतो का. नाही येत.

हिला म्हटलं, बॅग भर.

११ मार्च
पोरीच्या घरी बसून लिहितोय. गाडीत काय काय पाठ केलं होतं! दार उघडलं आणि मी उंबऱ्याबाहेरच चपला काढायला वाकलो.

ती म्हणाली, "चपला आत काढा, बाबा."