कॅचरची जागा

कॉव्हेंट्री

ती. आप्पा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणून खरं लिहिते. तुमचा नातू एप्रिलमध्ये गेला. गंधार ब्रिस्टलमध्ये सायकलवरून कॉलेजला निघाला होता, मागून लॉरी आली. "आप्पांच्या हार्टला झेपणार नाही, इतक्यात सांगू नकोस," असं दादा म्हणाला. म्हणून दर रविवारी मी फोनवर खोटं बोलते.

काल त्याच्या युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल क्लबचं डिनर होतं. सीझनमधल्या बेस्ट नऊ जणांचा सत्कार होतो. नाव पुकारलं की प्रत्येकाने हॉलमध्येच आपल्या फील्डिंगच्या जागी जाऊन उभं राहायचं, अशी त्यांची पद्धत आहे. अर्धाच सीझन खेळला होता, तरी कॅचर म्हणून, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, गंधारचं नाव घेतलं. जागा रिकामी राहिली. त्याच्या बाबाला उठवेना, मग मीच गेले. कोचने त्याचा ग्लोव्ह माझ्या हातात चढवला.

शेवटी पिचर कॅचरकडे बॉल टाकतो आणि सीझन संपतो. तो पोरगा बॉल धरून नुसता उभा होता. मी म्हटलं, "टाक रे." मराठीतच. त्याने टाकला, मी झेलला. टाळ्या वाजल्या. मला काहीच वाटलं नाही. नंतर मी पुडिंगसुद्धा खाल्लं.

रविवारी तुम्ही विचाराल, "आमचा विकेटकीपर काय म्हणतो?" मी सांगेन, "आप्पा, त्याला बक्षीस मिळालं." एवढं तरी खरं असेल.

मग तुम्ही म्हणाल, "अगं, रविवारचा घरी आला असेल ना, मग दे की त्याला फोन."

तुमची,
निवेदिता