बारावा गोळा

रवि. ९ नोव्हें., फैजपूर
भाऊ काहीतरी लपवतोय. रानडुकरांनी केळी उकरली, एरवी गावभर बोंबलत हिंडला असता. आता गप्प. मी बागेकडे निघाले तर आडवा आला, "तुले काय काम तठी?" आणि कणकेचा डबा गोठ्यात कशाला?

सोम. १०, शिरपूर
कॉलेज. इलेक्ट्रॉनचा तास. अमुक जागीच आहे असं मोजेपर्यंत म्हणता येत नाही, फक्त सापडण्याची शक्यता सांगायची. मुलं पेंगत होती. माझंही चित्त गोठ्यात.

शनि. १५, फैजपूर
सापडलं. भाऊच्या वहीत बागेचा नकाशा, ओळींचे नंबर, बारा फुल्या. फौजेत सुरुंग पेरायचा तेव्हा असेच नकाशे काढायचा. आधी मला उडवून लावलं, मग कबूल. डुकरांसाठी बारूदगोळे, वरून कणीक. चावला किंवा पाय पडला की फुटतो.
"नकाशा केल्याबिगर एकबी नही पेरला मी कधी."
म्हटलं, डुकराने तोंडात धरून चार ओळी पलीकडे नेला तर? तुझी फुली तिथेच. आणि माणूस कुठला, डुक्कर कुठलं, गोळ्याला काय कळतं?
"सीमेवरबी कळे नही. तवा कोनी इचारलं नही मले."
राग आला, त्याचा आणि माझाही. सोमवारी केळीची तोडणी. मुकादम वीस माणसं आणणार, घड वाहायला बायका. उद्याच्या उद्या सगळे काढ म्हटलं.

रवि. १६, दुपार
अकरा मिळाले. बारावा नाही. भाऊ म्हणे कोल्ह्याने नेला असेल, कोणाचा पाय पडायची शक्यता कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे, पंधरा वर्षं हेच फळ्यावर लिहितेय.

संध्या.
भाऊ हसत आला. "घे, बारावा. मोज."
मोजले. अकरा ठिबकच्या ओलीत फुगलेले, मुंग्या लागलेले. बारावा कोरडा. कणीक ताजी, बोट रुतलं.
सख्खा भाऊ मला बनवतोय.
मुकादमाला फोन. उद्या तोडणी नको.
"कायले, ताई? गाडी कालच सांगेल हाये."
सकाळी सांगते म्हटलं. खरं सांगावं तर भाऊ तुरुंगात. न सांगावं तर माणसं परवा येतीलच.
फोन ठेवला तर भाऊ दारात. गोळा कुठे असेल, कोणाला सावध करायचं, काही नाही. एवढंच,
"माहं नाव सांगतलं का?"
नाही म्हटलं. अजून नाही.