फोरमनची सही

३ जानेवारी

पडलंच गळ्यात! शेवटच्या सहामाहीची मुलं आता आठवड्यातले चार दिवस कारखान्यात शिकणार, त्याचे गुण पदवीत धरणार — आणि हे सगळं जमवायचं कोणी? मी. विभागप्रमुख म्हणाले, "फक्त समन्वय करायचाय हो. तुम्ही कामं नीट करता." नीट करणं हाच गुन्हा! मूल्यमापनाचा फॉर्म बत्तीस पानी. बत्तीस!

१७ जानेवारी

पंपांच्या कारखान्यात न सांगता जाऊन धडकले. आमची पाचही मुलं ऑफिसात बसून जुन्या फायलींना नंबर घालतायत. फोरमनला गाठलं, तर तो माझ्यावरच — "मॅडम, तुमच्या पोरांना पाना धरता येत नाही. मशीनपाशी उभं केलं आणि बोट गेलं म्हणजे?" म्हटलं, मग पाना धरायला शिकवा, त्यासाठीच पाठवलीयत. "आणि माझं काम कोण करणार? तुम्ही?"

घरी येऊन आईवर खेकसले. ती बिचारी चहा घेतेस का, एवढंच विचारत होती.

२४ जानेवारी

फोरमनने एकीला चाचणीच्या टेबलावर घेतलं. एकीलाच! आणि कोणाला, तर चष्मेवालीला — जी माझ्या वर्गात तोंड उघडत नाही. तिलाच का? "ती विचारते. बाकीचे नुसत्या माना हलवतात."

६ एप्रिल

फोरमनने भरलेला चष्मेवालीचा फॉर्म आला. चाळीस रकाने, चाळीस वेळा एकच शब्द — ठीक. त्याला फोन केला. "ठीक म्हणजे काय?" "ठीक म्हणजे ठीक, मॅडम." डोकं फिरलं.

८ एप्रिल

आज परीक्षा समितीने कळस केला. मूल्यमापन करणारा पदवीधरच हवा, असा नियम निघाला. फोरमन दहावी पास. म्हणजे त्याची सही चालत नाही, चष्मेवालीची अख्खी सहामाही बाद! तिला नोकरीचं पत्र आलंय, जूनमध्ये रुजू व्हायचंय. आणि फायली लावणारे ते चौघे? पास! त्यांच्या फॉर्मवर ऑफिसातल्या पदवीधर साहेबांची सही आहे ना!

विभागप्रमुख हळूच म्हणाले, "तुम्हीच करून टाका की सही. तुम्ही तर डॉक्टरेट." चौदा वर्षं पंप शिकवतेय. फळ्यावर. स्वतःच्या हातांनी किती खोलले? एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतील.

नाही केली सही.

९ एप्रिल

चष्मेवाली केबिनमध्ये येऊन उभी राहिली. रडली असती तर बरं झालं असतं. "मॅडम, मीपण फायलीच लावायला हव्या होत्या का?"



१५ एप्रिल

समितीलाच कारखान्यात नेलं. ओढत नेलं म्हटलं तरी चालेल. एक बिघडलेला पंप चालू करायला लावला — नुसता थरथरत होता. आम्ही तीन प्राध्यापक, कारणं तीन. त्यातलं एक माझं, सूत्रासकट. चष्मेवालीने स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाशी धरली. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"बेअरिंग गेलंय. मोटरच्या बाजूचं."

खोलला. तेच होतं! फोरमन मुद्दाम दुसरीकडे बघत होता, पण कान लाल झाले होते त्याचे.

फोरमनची सही मान्य — "विशेष बाब म्हणून". पोरीला काम येतं, ही म्हणे विशेष बाब!

२० एप्रिल

फोरमनचा फोन. वाटलं, आता नवी तक्रार. बराच वेळ नुसता खाकरत राहिला. मग — "मॅडम, कामावर शिकलेलं आता पदवीत धरतात ना तुमच्याकडे? माझी सव्वीस वर्षं धरतील का?"

दहावीचं सर्टिफिकेट घेऊन उद्याच या म्हटलं.